उघाडी राखणारी बाई

फार फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या गावाचं नावही आता कुणाला ठाऊक नाही. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी तर ऐकावीच.

खाडीच्या काठी एक गाव होतं. खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून गावाने बांध घातला होता. बांधात दोराने वर-खाली करायचं एक लाकडी दार होतं, त्याला म्हणत उघाडी. ओहोटीला ती उघडून शेतातलं जादा पाणी सोडायचं आणि भरती लागली की बंद करायची. हे काम एका बाईकडे होतं.

बाई मोठी भाविक. शुक्रवारचे उपास, टेकडीवरच्या क्रुसापर्यंत गुडघ्यांवर जायचे नवस, तिचं एक ना एक चालूच असायचं.

एकदा ती अशीच नवस फेडायला निघाली. अर्ध्या वाटेवर असताना भरतीची वेळ झाली. "देवाचं काम आधी," असं म्हणून ती पुढेच गेली. खाली उतरली तेव्हा अर्ध्या गावाचं भात खाऱ्या पाण्यात उभं होतं.

गावाचा कायदा कडक होता. ज्याच्या हातून खारं आत आलं, त्याने वर्षभर खाडीपलीकडच्या खडकावर एकट्याने राहायचं. तिथे ना झाड, ना सावली; होडीतून येईल तेवढंच अन्नपाणी.

निवाड्याला सारे जमले. बाईची मान वर होईना.

"टेकडीवर देव भेटला का ग?" कुणीतरी विचारलं. लोक हसले.

तेव्हा गावातला सर्वांत वडील म्हातारा उठला. त्याचंही शेत बुडालं होतं.

"शिक्षा व्हायलाच हवी," तो म्हणाला. "ती मी भोगतो. उघाडी मात्र हिच्याकडेच राहू द्या."

गावाने ते मानलं, आणि तो खरोखरच गेला.

बाईला घास गिळवेना. तिने चाळीस दिवसांचा उपास धरला. आपल्यातल्या उपास करणाऱ्या बायकांना तिचं मन चटकन कळेल. रोज बांधावर गुडघे टेकून, खडकाकडे बघत ती रडायची.

"अग बाय, दोन घास खा," शेजारीण म्हणायची. "दार ओढायला अंगात जीव नको का?"

"माझ्यासारखीला जेवण शोभत नाही ग."

मग उधाणाचा दिवस आला. रडता रडता तिला भरती उशिरा दिसली. ती धावली, दोर ओढला, पण हातांत ताकदच नव्हती. दार अर्ध्यावर अडकलं. तिने हाका मारल्या. शेजारीण पिठाच्या हातांनी धावत आली. दोघींनी लोंबकळून दार खाली आणलं. शेतं थोडक्यात वाचली.

दुसऱ्या दिवशी बाई होडीत बसून खडकावर गेली. म्हाताऱ्याचे ओठ उन्हाने फुटले होते. तिने त्याचे पाय धरले आणि सगळं सांगून टाकलं.

"बाबा, मी तुमची भरपाई करत होते हो."

"तू उपाशी राहिलीस म्हणून माझा इथला एक दिवस तरी कमी झाला का, बाय?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"मी तुला दार दिलं होतं. तू त्याच्याकडे पाठ करून बसलीस."

बाई पुन्हा शरमली, पहिल्याहून जास्त. पहिली शरम चूक केल्याची होती. ही शरम वेगळी होती: एवढं मोठं दान मिळालं, आणि तिने ते हातात घेतलंच नव्हतं.

"मग मी काय करू?"

"जेव. भरती बघ. आणि रडू आलं तर खुशाल रड, पण दार लावून झाल्यावर."

वर्ष सरलं. शेतं पुन्हा पिकली. म्हातारा परत आला तेव्हा सारं गाव धक्क्यावर जमलं. फक्त ती बाई नव्हती.

"बघा, ज्याने वाचवलं त्याच्यासाठी येववलं नाही हिला," लोक कुजबुजले.

म्हाताऱ्याने बांधाकडे पाहिलं. भरती चढत होती आणि बाई दोर ओढून दार खाली घेत होती. तो हसला. "माझं स्वागत तिकडे चाललंय," म्हणाला.

दार घट्ट बसल्यावरच ती आली, लुगडं चिखलाने भरलेलं. तिची मान अजूनही खालीच होती. "बाबा, उपकार झाले," एवढंच तिला बोलता आलं.

बोध: प्रभू येशूने क्रुसावर आपल्यासाठी जे फेडलं ते पुन्हा फेडायला जाऊ नये, त्याने दिलेली नवी संधी नीट राखावी, तेच त्याचे आभार.