सहा घरांतली चिठ्ठी

फार पूर्वी, दोन डोंगरांच्या मधल्या एका गावात एक वैद्यीण राहत होती. कोणाला काय दुखणं आहे आणि औषध किती द्यायचं, हे ती कागदावर लिहून पेटीत जपून ठेवायची.

एक दिवस बातमी आली. सरदाराचा कारभारी गावोगावच्या वैद्यांचे कागद तपासत होता, आणि फेफरं येणारं माणूस सापडलं की त्याला वेशीबाहेर काढत होता. गावातली कुंभारीण धावतच वैद्यिणीकडे आली. तिच्या मुलीला फेफरं यायचं, आणि ते वैद्यिणीखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं.

पाटील म्हणाले, पेटी माझ्या कोठारात ठेवा, दाराला दोन कुलपं आहेत. वैद्यीण विचारात पडली. कुलपं दोन असली तरी किल्ल्या एकाच कमरेला. कारभाऱ्याने पाटलांना दरडावलं की संपलं. आणि कागद जाळावेत, तर औषधाचं मापच जाईल.

मग तिने प्रत्येक कागदाची नक्कल केली. मूळ कागदावरचं नाव खोडून दोन्हींवर नुसती खूण घातली. दोन्ही कागद एकावर एक ठेवून त्यांचे प्रत्येकी उभे तीन तुकडे फाडले आणि ते सहा तुकडे सहा घरांत एकेक ठेवायला दिले. कोणता तुकडा कुठे आहे, हे ज्याचं दुखणं फक्त त्याच्याच घरी सांगितलं.

पाटील हसले. "राखायची म्हणून वस्तू फाडणारी बाई आजच पाहिली."

"ज्याची आहे त्याला जोडता आली म्हणजे झालं, पाटीलबाबा," ती म्हणाली.

कारभारी आला. पेटी रिकामी निघाली, तेव्हा त्याने घरं धुंडाळली. सुताराकडची तेवढी तुकड्यांची जुडी सापडली, ती त्याने हिसकावली. पण कुठे अर्धा शब्द, कुठे नुसता आकडा. त्याने सुतारणीला अर्थ विचारला.

"आम्हा अडाण्यांना काय कळतंय, सरकार? तुम्ही शिकलेले. तुम्हीच वाचून दाखवा."

लोकांनी पदराआड, उपरण्याआड हसू दाबलं. कारभारी जुडी घेऊन तणतणत निघून गेला.

दोनच दिवसांनी कुंभाराच्या मुलीला फेफरं आलं. औषध जहाल होतं, नुसत्या आठवणीवर द्यायला वैद्यीण धजेना. कुंभारीण तुकडे आणायला धावली. सुताराकडचा तर कारभाऱ्याने नेला होता, पण त्याचा जोडीदार, दुसऱ्या प्रतीतला तोच तुकडा, माळ्याच्या घरी होता. तीन तुकडे जमिनीवर मांडले, फाटलेल्या कडा एकमेकींत अचूक बसल्या आणि माप मिळालं. संध्याकाळी पोरगी ओसरीवर बसून मडकी थापत होती.

दुसऱ्या दिवशी पाटील हळूच वैद्यिणीकडे आले. आपल्या मूळव्याधीचा कागद त्यांनी तिच्याकडून मागून नेऊन आजवर स्वतःच्याच कोठारात ठेवला होता.

"बाई," ते म्हणाले, "याचेही तुकडे करा."

तात्पर्य: माणसांची गुपितं एकाच कुलपात कोंडली, तर एका धाकाने सगळी उघडी पडतात. ती वाटून ठेवावीत, आणि जोडण्याचा अधिकार ज्याचा त्याच्याच हाती असावा.