दोन कॅसेटींची रांगोळी

भांड्यांचा एक व्यापारी एकदा सुती साडीत गुंडाळलेला संगणक घेऊन एका वृद्ध तंत्रज्ञाकडे आला. जुनी यंत्रे चालती करण्यात त्या वृद्धाची हयात गेली होती. सारे त्यांना मास्तर म्हणत. संगणक घरगुती वापराचा होता, चाळीसएक वर्षांपूर्वीचा. दिसायला नुसती जाडजूड कळफलकाची पेटी. ती टीव्हीला जोडायची आणि प्रोग्रॅम कॅसेटवरून भरायचा.

व्यापाऱ्याने खिशातून दोन कॅसेटी काढल्या.

"मास्तर, माझ्या बायकोनं या यंत्रावर ठिपक्यांची रांगोळी लिहिली होती. मेमरी इवलीशी, त्यामुळे अर्धी एका कॅसेटवर, अर्धी दुसरीवर. दुसरी भरली की पहिली मेमरीतून पुसली जाते. ती म्हणायची, जागा मिळाली की जोडून दाखवीन." त्याने कॅसेटी मेजावर ठेवल्या. "आता ती नाही. तुम्ही मेमरी वाढवून द्या. मला एकदा पूर्ण बघायची आहे."

मास्तरांनी काम शिष्याकडे सोपवले. शिष्य हुशार होता, हात स्थिर होता. त्याने जुन्या चिपांशेजारी नव्या बसवल्या, झाळलेला एकेक सांधा तपासला आणि यंत्राची मेमरी आठपट केली. पडद्यावर मोकळ्या जागेचा मोठा आकडा उमटला, तेव्हा त्याचा चेहरा उजळला.

"सुरेख काम," मास्तर म्हणाले. मग त्यांनी पेटीच्या मागच्या बाजूला छिद्र पाडले आणि त्यात एक छोटासा खटका बसवला. खटका खाली केला की नव्या मेमरीची जोडणी सुटायची. यंत्र पुन्हा पूर्वीइतके लहान व्हायचे.

शिष्य दुखावला. "मोठं झालेलं यंत्र पुन्हा लहान कोण करील, मास्तर? माडी बांधून झाल्यावर जिना तोडायची सोय केल्यासारखं झालं हे."

"तोडायची नाही रे, उतरायची," मास्तर म्हणाले आणि हत्यारे पुसत बसले.

व्यापारी आला. शिष्याने खटका वर ठेवला आणि पहिली कॅसेट भरली. टीव्हीवर ठिपके आलेच नाहीत. वेड्यावाकड्या अक्षरांचा नुसता कचरा पसरला. टेप मागे फिरवून पुन्हा भरली. पुन्हा तेच.

"टेप जुनी आहे, शेठ," शिष्य खालच्या आवाजात म्हणाला. "गेली असावी."

व्यापारी पडद्याकडे बघत राहिला. "भांडं असतं तर कल्हई लावून दिली असती," तो म्हणाला.

मास्तरांनी यंत्र बंद केले, खटका खाली केला आणि तीच कॅसेट पुन्हा भरली. एक ठिपका उमटला. मग दुसरा. ठिपक्यांच्या ओळी लागल्या, त्यांतून रेषा वळत गेल्या, अर्धे कमळ उमलले आणि थांबले.

"टेप शाबूत आहे, बाईंचं लिहिणंही," मास्तर म्हणाले. "घर मोठं झालं की देवघर दुसऱ्या खोलीत जातं. मेमरी वाढली तशी तिच्यातली पडद्याची जागा सरकली, आणि त्यांची फुलं जुन्याच कोनाड्यात पडत राहिली." ते शिष्याकडे वळले. "आता त्यांनी काय लिहिलंय ते वाच."

शिष्य एकेक ओळ वाचू लागला. वाचता वाचता तो ताठ बसला. पडद्याची जागा तिने सुरुवातीला एकदाच लिहून ठेवली होती आणि प्रत्येक ठिपका तिथून मोजला होता. "मास्तर, एकच आकडा बदलायचा आहे."

"डाळीचे डबेसुद्धा उंचीप्रमाणे लावायची ती," व्यापारी म्हणाला. "मी एखादा हलवला की लगेच कळायचं."

शिष्याने खटका वर केला, दोन्ही भाग जोडले, तो आकडा बदलला आणि सगळे नव्या कॅसेटवर उतरवून घेतले. तिच्या कॅसेटींना धक्का लावला नाही. मग ती नवी कॅसेट भरली. कमळ अर्ध्यावर आले, जिथे ते नेहमी थांबत असे. व्यापाऱ्याने खुर्चीचा हात घट्ट धरला. रेषा थांबली नाही. ती पुढे गेली, वळली, उरलेल्या पाकळ्या घेऊन फिरत आली आणि जिथून निघाली होती तिथेच येऊन मिळाली.

"जोडली," व्यापारी म्हणाला. मग हसत हसत त्याने डोळे पुसले आणि रांगोळी पुन्हा लावायला सांगितली.

तो गेल्यावर शिष्य म्हणाला, "खटका नसता तर मी टेप गेली म्हणून परत पाठवली असती."

"तू यंत्र वाढवलंस म्हणून रांगोळी पुरी झाली, हे आधी लक्षात ठेव," मास्तर म्हणाले. "पण आपण वाढलो की मागच्यांचं बोलणं निरर्थक वाटू लागतं. आपली खोली सरकलेली असते, आणि दोष आपण त्यांना देतो. घटकाभर पूर्वीएवढं लहान होता आलं, तर ते काय म्हणत होते ते कळतं. मग त्यांचं राहिलेलं पुरं करायला आपली मोठी जागा कामी येते."

दुसऱ्या दिवशी वाढवायला आणखी एक जुना संगणक आला. नव्या चिपांना हात लावण्याआधी शिष्याने पेटीच्या मागच्या बाजूला खटक्यापुरते छिद्र पाडले.