ताटाची उजवी बाजू

फार पूर्वी, भांड्यांना वाचा होती तेव्हा, दाजिबा सुताराच्या ताटापाशी रोज भरदुपारी एक खेकडा येई. ताटाखेरीज तो कुणालाच दिसत नसे.

"उजवीकडे काय वाढलंय?" तो विचारी.

"मेथीची भाजी," ताट सांगे.

"मग आत शिरणं जड जाईल," म्हणत तो परते.

एके दिवशी दाजिबा बायकोवर खेकसला, "भागीरथे, हा पाला गुरांपुढे टाक! मला डावीकडची चटणी पुरते."

तेव्हापासून ताटाची उजवी बाजू रिकामी राहू लागली. खेकडा रोज तिथेच येऊन बसू लागला. ताट ओरडे, थरथरे, पण भांड्यांची बोली माणसांना ऐकू येत नसे; दाजिबाला वाटे, आपलाच धक्का लागला.

कित्येक वर्षांनी एका दुपारी खेकडा आलाच नाही. ताटाला हायसं वाटलं.

इतक्यात दाजिबा पोटावर हात ठेवून म्हणाला, "भागीरथे, आत काहीतरी चालतंय गं."