पुसलेलं नाव

एका गावात एक लहान देऊळ होतं. गावातली ख्रिस्ती मंडळी तिथे उपासनेला जमत. देवळाच्या दारात एक काळी पाटी टांगलेली असे. घरात कोणी आजारी पडलं की घरच्यांनी त्याचं नाव खडूने तिथे लिहायचं. येणारे-जाणारे नाव वाचून प्रार्थना करत आणि जमेल तसं त्या घरी डोकावून जात. माणूस बरं झालं की घरच्यांनीच नाव पुसायचं. नाहीच झालं, तर देवळाचे पाळकसाहेब पुसत.

त्या गावात सलोमी नावाची बाई राहत होती. तिची चार वर्षांची लेक फिबी जन्मापासून काळजाने दुबळी होती. शहरातले डॉक्टर म्हणाले होते, "औषध चालू ठेवा. याहून जास्त आमच्या हातात नाही." फिबीचं नाव पाटीवर इतके दिवस होतं, की ते फिकट झालं की सलोमी त्यावरूनच पुन्हा खडू फिरवी.

एका आठवड्यात फिबीने भाकरी मागून खाल्ली. दारापासून कुंपणापर्यंत पळाली. सलोमीच्या मनाने उचल खाल्ली. 'रोज रोज तेच मागायचं म्हणजे देवाने ऐकलंच नाही असं म्हणणं झालं,' तिला वाटलं. 'विश्वास ठेवायचा तर पुरता ठेवावा.'

रविवारी तिने सगळ्यांदेखत पदराने नाव पुसलं आणि साक्ष दिली, "प्रभूने माझी लेक बरी केली!"

"आमेन!" मंडळी म्हणाली.

हा विश्वास होता की घाई? आईला त्यातला फरक सहसा उशिराच कळतो.

गुरुवारी फिबीला पुन्हा दम लागू लागला. सलोमी औषध देत होती, पण कोणाला सांगत नव्हती. नाव पाटीवर होतं तोवर शेजारच्या रिबका मावशी रोज भाताची पेज घेऊन येत आणि फिबीला गोष्ट सांगत. आता त्या पाटीवरच्या दुसऱ्या नावाच्या घरी जात होत्या. नळावर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "काय गं, आता फिबी गावभर हुंदडत असेल!"

"हो मावशी," सलोमी म्हणाली आणि घरी येऊन तिने खिडकी लावून घेतली. पोरीचा खोकला बाहेर ऐकू जायला नको होता.

तिचा नवरा शांतवन म्हणाला, "नाव पुन्हा लिही."

"अहो, देवाला काय वाटेल?"

"देवाला, की मंडळीला?"

उत्तर सलोमीला माहीत होतं, तरी तिने नाव लिहिलं नाही.

नाव पुसल्याला आठ दिवस झाले, तेव्हा फिबीला उशीला टेकूनही बसवेना. तिने विचारलं, "आई, रिबका आजी का येत नाही?"

"तू बरी झालीस ना, म्हणून."

"मी बरी झाले?"

"हो."

फिबी थोडा वेळ श्वास घेत राहिली. मग म्हणाली, "मग बरं होणं असं असतं?"

सलोमी तशीच उठली. रविवारच होता, उपासना सुरू झाली होती. तिने पाटीवर नाव लिहिलं आणि आत जाऊन उभी राहिली. "फिबी बरी नाही," ती म्हणाली. "नाव मी पुसलं होतं. देवाने नाही."

मागून एक बाई म्हणाली, "म्हणजे ती साक्ष खोटी?"

"खोटी," सलोमी म्हणाली.

मग रिबका मावशी गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. "अगं बये, मग सांगायचं नाही का? पेज काय मी फक्त बऱ्या होणाऱ्या लेकरांनाच पाजते?"

त्या दिवसापासून सलोमीच्या घराचं दार बंद झालं नाही. कोणी पाणी भरलं, कोणी चूल पाहिली. रिबका मावशींनी अर्धवट राहिलेली गोष्ट पुरी केली, आणि फिबीने ती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली. नवव्या दिवशी दुपारी फिबीने आईच्या मांडीवर प्राण सोडला. घर माणसांनी भरलेलं होतं.

माती दिल्यावर काही दिवसांनी पाळकसाहेब सलोमीजवळ येऊन बसले. त्यांनी विचारलं, "प्रार्थना होते का?"

"प्रार्थना कसली, पाळकसाहेब. भांडण होतं."

"कोणाशी?"

"त्याच्याशीच. मधले आठ दिवस माझी लेक एकटी राहिली. ते मी केलं, त्याबद्दल क्षमा मागते. आणि तिला नेलं ते त्याने केलं, म्हणून भांडते. रोज ठरवते, आता बोलायचं नाही त्याच्याशी. पण ठरवलं हे सांगायलाही त्याच्याकडेच जाते."

पाळकसाहेबांनी डोळे पुसले. "विश्वास म्हणजे याहून वेगळं काय असतं, ते मलाही माहीत नाही, बाई," ते म्हणाले.

तात्पर्य: आपण मागितलं ते देव देईलच, असं आधी जाहीर करणं म्हणजे विश्वास नव्हे; आपलं दुःख न लपवता त्याच्यापुढे आणि त्याच्या माणसांपुढे ठेवणं, आणि मागितलेलं मिळालं नाही तरी त्याचं दार न सोडणं, हा विश्वास.