थँकफुलचा विस्तव

ऐका हं, पाय आधी पांघरुणात घ्या. फार वर्षांमागं अमेरिकेवर इंग्लंडच्या राजाचा अंमल होता. मग तिथल्या लोकांनी राजाशी लढाई मांडली. गावागावांत दोन तट पडले, एक राजाचा, एक बंडवाल्यांचा. अशाच एका गावात थँकफुल नावाची बाई राहायची. थँकफुल म्हणजे उपकार जाणणारी; तिकडं अशीच नावं असायची, बरं का. नवरा बंडवाल्यांबरोबर गेलेला. घरात ती आणि तान्हं बाळ.

तेव्हा काडेपेटी नव्हती. निजताना निखारे राखेत पुरायचे, सकाळी फुंकून जागे करायचे. थँकफुलच्या चुलीतला विस्तव आजेसासूपासून कधी विझला नव्हता. पण बाळाला झाला खोकला. जागून जागून बिचारीचा डोळा लागला आणि निखारे उघडेच राहिले. सकाळी बघते तर चूल थंडगार. चकमक घासली, पण ठिणगी धरायची चिंधी ओली. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि बाळाचे ओठ निळे पडत चाललेले.

मग तिनं बाळ छातीशी बांधलं, लोखंडी भांडं घेतलं आणि निघाली. विस्तवाला नाही म्हणू नये, ही तिथली रीत. आपल्याकडेही होतीच की.

पहिलं घर राजाच्या माणसाचं. त्यानं विचारलं, नवरा कुठल्या बाजूला? आणि दार लावलं. दुसरं घर बंडवाल्याचं. तिला वाटलं, हे तर आपलेच. पण तिचा भाऊ राजाच्या फौजेत होता ना. म्हणून त्या घरवाल्यानंही दार लावलं. लढाई मेली अशीच, माणसाला माणूस दिसत नाही.

मग उरलं म्हाताऱ्या हेप्झिबाचं घर. तिचा एकुलता एक मुलगा बंडवाल्यांच्या गोळीनं गेलेला. दार वाजवायला थँकफुलचा हात उचलेना. म्हातारीनंच दार उघडलं.

“आजी, माझा नवरा बंडवाल्यांकडं आहे,” थँकफुल आपणहून म्हणाली.

“मी विचारलंय का?” म्हातारी म्हणाली. “भांडं इकडं कर.” आणि तिनं सगळ्यात मोठा निखारा उचलून दिला.

मग काय नवल सांगू तुम्हाला. वारा सुटला, बर्फ पडू लागलं, पण निखारा विझायचा सोडून फुलतच गेला. थँकफुलनं मागं वळून पाहिलं. जिथं जिथं तिचं पाऊल पडलं होतं, तिथं बर्फ वितळून हिरवं गवत आलेलं. म्हातारीच्या दारापासून आपली हिरवी वाट.

चूल पेटली. बाळाच्या ओठांवर लाली आली. आणि दार लावणाऱ्यांच्या चुली त्याच दिवशी विझल्या. दोघं खाली मान घालून भांडी घेऊन आले. थँकफुलला राग आला होता, खोटं कशाला सांगू. कुठल्या बाजूचे तुम्ही, हे अगदी जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि भांडी भरून दिली.

मग लढाई संपली, राजाचा अंमल गेला, नवरा घरी आला. बाळ पहिल्यांदा चाललं ते हिरव्या वाटेनंच, थेट हेप्झिबाच्या दारी. म्हातारीनं त्याला उचललं, आणि कितीतरी वेळ खाली ठेवलंच नाही. सगळी सुखात नांदली. मिटा बघू डोळे आता.