तळवटीचे तीन ठिपके

तळवटीला कुणी पाहुणी आली, की तळ्याच्या पायरीवर बसलेल्या बायकांच्या मनगटांकडे तिचं लक्ष जातंच. आसपासच्या गावांत मनगटावर पाच ठिपके गोंदतात, इथे तीनच. हल्ली शहरातल्या मुलीही येतात, हातावर पक्षी नाहीतर कुणाचं नाव काढून घेतलेल्या, आणि याचा अर्थ काय म्हणून विचारतात. म्हाताऱ्या हौसाक्का त्यांना खुशाल फोटो काढू देतात. अर्थ मात्र उभ्याउभ्या सांगत नाहीत, आधी खाली बसवतात.

फार पूर्वी म्हणे या पंचक्रोशीत कोंडाबाई नावाची गोंदणारीण फिरायची. हात इतका हलका, की सुई टोचल्याचं पोरीला कळेपर्यंत हिचं गाणं पुढच्या कडव्यावर गेलेलं असे. मेल्यावर बाईबरोबर दागिना जात नाही, लुगडं जात नाही, जातं ते गोंदण; आणि पलीकडे मायलेकी एकमेकींना ओळखतात त्या त्याच खुणेवरून, असा तेव्हाचा समज. म्हणून आईच्या हातावर पाच, तर लेकीच्याही पाच. एकदा धरलेली सुई पाच पुरे झाल्याशिवाय खाली ठेवायची नाही, हा कोंडाबाईचा नेम होता.

तो तिने एकदाच मोडला. इथल्याच झेलूबाईची मुक्ता सात वर्षांची, एकुलती एक, नवसाची. तिसऱ्या ठिपक्यालाच पोरीने आकांत मांडला. झेलूबाईच्या काळजाचं पाणी झालं. ऱ्हाऊ दे आता, उद्या कर, असं ती म्हणाली. कोंडाबाईलाही माया आली आणि तिने सुई पुसून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी गोवऱ्या काढायला गेलेल्या मुक्ताला साप चावला. दुपारपर्यंत पोर गेली.

तेरावं झाल्यावर कोंडाबाईने गावातली दुसरी एक मुलगी गोंदली. पाचही ठिपके छान उठले. पोरीने तळ्यात हात धुतला, तर तीनच उरले. पुढच्या पोरीचं तेच, तिच्या पुढचीचंही तेच. टोचल्याचं रक्त असायचं, ठिपका नसायचा. दर खेपेला बरोबर दोन जात. ते कोण नेतं हे कुणाला सांगावं लागलं नाही. दुसरीची खूण अंगावर टिकत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा यावं लागतं बिचारीला, असं बायका हळू आवाजात म्हणत. कोंडाबाईला घास गोड लागेना. काजळ घोटायला बसली, की कोपराशी कुणीतरी लहानसं टेकून बसल्यासारखं वाटे. वळून बघायचं धाडस तिला कधी झालं नाही.

शेवटी ती झेलूबाईकडे गेली. पोरीला मोकळी करायला पाहिजे, म्हणाली. झेलूबाई ऐकेना. ती रोज सकाळी तळ्यावर बसायची. पाण्यात हात घातला, की बोटाला बोट लागतं, असं तिचं म्हणणं.

"न्हेऊ दे की दोन ठिपकं. त्या निमतानं माझ्यापाशी तर हाय."

"तुझ्यापाशी न्हाय गं झेलू," कोंडाबाई म्हणाली. "ती पाच हुडकती. तू तिला वळखावं म्हनून."

झेलूबाईने स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. मग तिने हात पुढे केला.

"तिचं वाढत न्हाईत, तर माझं कमी कर."

गोंदण पुसून जात नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. कोंडाबाईने बिब्बा तापवला आणि तळ्याच्या पायरीवर झेलूबाईचे दोन ठिपके जाळून काढले. जळलेला हात झेलूबाईने पाण्यात घातला आणि तसाच धरून ठेवला. काही लागतंय का, असं कोंडाबाईने भीतभीत विचारलं.

"पानीच हाय नुसतं," झेलूबाई म्हणाली, आणि पोर गेली तेव्हा रडली नव्हती तेवढी त्या दिवशी रडली.

त्यानंतर गोंदलेल्या पोरीचे पाचही ठिपके राहिले. पण झेलूबाईच्या हातावर तीन असताना लेकीच्या हातावर पाच मिरवायचं गावातल्या बायकांना जिवावर आलं. तेव्हापासून तळवटीत तीनच.

आजही लहान लेक गेलेली बाई महिना उलटला की एकटीच तळ्यावर येते. पाण्यात हात घालते, बोटाला काही लागत नाही एवढं बघते, आणि घरी जाऊन चूल पेटवते.