हेमाताईंची ओळख

एक संस्था अंध श्रोत्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची. सगळा कारभार ऑनलाइन, त्यामुळे सभासद एकमेकांना कधी भेटलेच नव्हते. निवडणूक आली तेव्हा अध्यक्ष कारखानीस यांनी फर्मान काढलं, की व्हिडिओवर चेहरा ओळखपत्राशी जुळला तरच मत देता येईल. त्यांनी स्वतः मात्र आजवर एक पानही वाचलं नव्हतं.

वाचक हेमाताई मुळ्ये कॅमेऱ्यासमोर बसल्या. नुकतीच केमो संपली होती. डोक्यावर केस नव्हते, गाल बसले होते.

"फोटोतल्या बाई तुम्ही नाही," कारखानीस म्हणाले. "मत बाद."

"चेहरा आजारानं नेला, साहेब. पण आपले श्रोते चेहरा कुठे बघतात? तुमच्या पसंतीच्या एखाद्या श्रोत्याला कॉलवर घ्या. आपण दोघंही नाव न सांगता बोलू. तो ज्याला ओळखेल, तो खरा सभासद."

अध्यक्षाला कोण ओळखणार नाही? कारखानिसांनी हसत गडहिंग्लजचे जुने श्रोते बाबूराव लोंढे यांना जोडून घेतलं.

प्रत्येक पुस्तकाआधी म्हणायच्या तेच हेमाताई म्हणाल्या, "पाणी पिऊन घ्या, प्रकरण मोठं आहे."

"हेमाताई!" बाबूराव ओरडलेच. "आवाज खोल गेलाय हो. बरं नव्हतं का?"

मग कारखानीस खाकरून म्हणाले, "संस्थेत शिस्त हवी."

बाबूरावांनी आदरानं विचारलं, "ताई, हे नवीन सभासद का?"

कारखानिसांनी हेमाताईंच्या नावापुढे 'ओळख पटली' अशी नोंद केली.

"माझं झालं," हेमाताई हळूच म्हणाल्या. "आता तुमचं कसं करायचं, साहेब?"